सीहॉकची जागा

बायको गेल्यापासून मनोहर संध्याकाळी सिंगापूरमधल्या बेडोकच्या बसस्टॉपवर बसून राही. आज शेजारी एक म्हातारं मराठी जोडपं होतं. आजोबांच्या मांडीवर लाकडी विमान होतं.

“अहो, हे आपल्या फ्लॅटमध्ये मावणार कुठे?”

“अगं, सीहॉक आहे. एकाहत्तरच्या लढाईत विक्रांतवर हीच विमानं सांभाळली मी.”

“मग आपल्या लेकाच्या, अमेयच्या मोठ्या काँडोत ठेवा.”

“हे बघ, पंख वर दुमडतात. जहाजावरही जागा कमीच होती.”

“दुमडा बघू. हं, तांदळाच्या डब्याशेजारी मावेल.”

“आणि पंख उघडायचे कधी?”

“जेवण झाल्यावर. ताटं तुम्ही उचललीत की टेबल तुमचं.”

“ताटं रोज मीच उचलतो.”

“मग रोज उघडा.”

मनोहरची बस आली. त्याने ती जाऊ दिली.