सात म्हणजे सात

...आणि काटा काही थांबेना हो. सातावर थांबायचा तो आठ, नऊ, दहा... आणि आमचे दाजी रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन्ही हातांनी 'थांब, थांब' करतायत. आता गाडीतल्या दाबाच्या काट्याला रस्त्यावरच्या माणसाचे हात कसे दिसणार, तुम्हीच सांगा.

दाजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. शाळेत भूगोल शिकवतात, आणि शाळा सुटली की जुन्या गाडीच्या पोटात शिरतात. गाडी चालवते ताई. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते, दिवसभर शिकाऊ लोकांना घेऊन गोगलगायीसारखी फिरते, त्यामुळे वर्षातून एकदा डोंगरावरच्या शर्यतीत तिला सगळी कसर भरून काढायची असते. गेल्या वर्षी काय झालं? अर्ध्या चढावर इंजिनाने मान टाकली. ताई हेल्मेट मांडीवर घेऊन कठड्यावर बसली, आणि मागून येणारा प्रत्येक जण तिला हात करून पुढे गेला. हात करून, लक्षात घ्या. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, पुढच्या वर्षीही इंजिन फुटलं तर मग मी ते दुसऱ्या कुणाकडून करून घेईन." भांडली असती तर बरं झालं असतं. दाजींना दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग त्यांनी चंगच बांधला. आता गाडीला जोर यावा म्हणून दाजींनी बसवलेल्या टर्बोची भानगड काय, तर इंजिनातून गरम धूर बाहेर पडतो ना, त्यावर एक पंखा फिरतो, तो पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो, जास्त हवा म्हणजे जास्त जोर, जास्त जोर म्हणजे जास्त धूर, की पंखा आणखी जोरात... याला शेवट आहे का? इंजिन फुटतं, तोच शेवट. म्हणून धुराच्या वाटेवर एक झडप बसवायची. तिला म्हणतात वेस्टगेट. हवेचा दाब वाढला की ती उघडते आणि जास्तीचा धूर पंख्याला टाळून परस्पर बाहेर. "म्हणजे कुकरची शिट्टी," ताई म्हणाली. दाजींचा चेहरा असा झाला, तुम्हाला सांगतो, जणू पोराला कुणी नावं ठेवली. मुठीएवढी, चकचकीत वस्तू, टर्बोच्या बाहेर वेगळी बसवायची, आणि हिला शिट्टी? "आत सात पौंडांची स्प्रिंग आहे," दाजी वर्गात सांगतात तसं सांगायला लागले. "सात पौंड दाब झाला की झडप उघडणार, काटा तिथंच थांबणार. सात म्हणजे सात."

आणि ती स्प्रिंग घालायची म्हणजे... झाकणाचे स्क्रू दाजींनी एकदम काढले, दाबून बसलेली स्प्रिंग उडाली, छताला लागली, आणि कपाटामागे गेली. कपाट हलवलं, भिंतीचा पोपडा निघाला, स्प्रिंग सापडली. ताईने केरसुणी आणून दाजींच्या हातात दिली.

तर पहिली चाचणी. शहराबाहेरचा मोकळा रस्ता, ताई चाकावर, आणि काटा वाचायला शेजारी आमचे वडील, आप्पा. आप्पांनी नोकरीभर घरोघर विजेचे मीटर वाचले, आकडा कुठलाही असो, आवाज एकच. "पाच. सात. नऊ. बारा. बाळ, पाय काढ, हे घर जळायची लक्षणं आहेत."

गाडी परत आली. दाजी बोनेटमध्ये डोकं घालून बसले. "स्प्रिंग बरोबर आहे. सात म्हणजे सात." मग सापडलं. झडपेला दोन तोंडं असतात, एक खाली, एक वर. हवेची नळी खालच्या तोंडाला लावली की झडप उचलली जाते. यांनी लावली होती वरच्याला! म्हणजे दार उघडायला माणूस पाठवला आणि तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

नळी बदलली. दुसरी चाचणी. "पाच. सात. सात," आप्पा म्हणाले, आणि गाडीत ताईचा फोन चालू होता, त्यावर हे ऐकून दाजी रस्त्यावर नाचले. नाचले म्हणजे खरंच नाचले, भर दुपारी, शिक्षक माणूस. तेवढ्यात फोनमधून, "आठ. नऊ. जावईबापू, हा चढतोय."

आता काय म्हणावं? हळूहळू, पण चढतोच. दाजींनी झडप सोडवून घरी आणली, टायरच्या पंपाने हवा भरून पाहिली, तर सातावर अगदी शहाण्यासारखी उघडते. गाडीत बसवली की चढतो. शर्यत परवावर आलेली. ताई म्हणाली, "राहू दे आता. यंदा नाही जात मी." इतक्या मऊ आवाजात म्हणाली, की दाजी उठून फाटकाशीच जाऊन उभे राहिले.

फाटकासमोर मोठा रस्ता, आणि त्यातून एक गल्ली निघते ती उलटी, मागच्या दिशेने. दाजी बघत राहिले. ट्रक गेला, सरळ. बस गेली, सरळ. गल्ली उघडी, रिकामी, पण भरधाव येणारा कोण एवढा मागे वळतोय? आणि दाजी तिथूनच ओरडले, "दार उघडं आहे गं, धूरच वळत नाहीये!"

तसेच चपला घालून वेल्डरकडे. वेल्डर त्यांचा लहानपणचा मित्र, तोंडाने तिखट. "झडपेची वाट उलटी जोडलीस तू," दाजी म्हणाले. "तूच म्हणालास, बोनेट लागलं पाहिजे," तो उसळला. "लागू दे नाहीतर राहू दे, धूर ज्या दिशेने पळतोय त्याच दिशेने फाटा काढ." पाइप कापला, जाड केला, अलगद तिरका जोडला, आणि बोनेट अर्थातच लागेना, म्हणून बोनेटला भोक पाडलं आणि धुराचं तोंड वर काढलं.

तिसरी चाचणी. "पाच. सात. सात. सात," आप्पा म्हणाले, इंजिन किंचाळतंय, "सात. सात," आणि तुम्हाला सांगतो, नोकरीभर एका सुरात आकडे वाचणाऱ्या माणसाचा आवाज शेवटच्या साताला चक्क कापला. आणि धुराचा आवाज? झडप उघडली की असा काही आक्रोश, की शेतातले बगळे एकदम उडाले.

शर्यतीच्या दिवशी दाजी वरच्या टोकाला उभे. गाडी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. एका वळणाला किंकाळी, मग गप्प, पुढच्या वळणाला किंकाळी... गप्प झाली की दाजी डोळे मिटायचे, किंकाळी आली की श्वास घ्यायचे. गेल्या वर्षीचा कठडा ओलांडला, आवाज आला. शेवटचं वळण, आवाज आला, आणि लाल बोनेट, त्याला भोक, भोकातून ज्वाळेची जीभ... आली, तुम्हाला सांगतो, सबंध इंजिन घेऊन आली! तिसरी आली. दाजींना पहिली आल्यासारखंच होतं, ते धावत सुटले, डोळ्यांतून पाणी.

ताई उतरली, हेल्मेट काढलं, घामाने केस चिकटलेले, आणि सगळ्यांसमोर तिने दाजींचा हात धरला. "अहो, काय केलंयत हो हे. अगदी लोण्यासारखी चढली." आणि मग हात न सोडता ती म्हणते, "फक्त वरच्या दोन वळणांना जरा कमी पडली बघा. दहाची स्प्रिंग मिळते का कुठे?"

दाजींनी तिथल्या तिथे बोनेट उघडलं. तापलेलं होतं, बोटं भाजली, तरी उघडलं.