कॅप्टनचा भार हलका करण्याविषयी चार शब्द

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या गोल्फ क्लबचे कार्यतत्पर सेक्रेटरी, उद्यापासून कॅप्टनपदाची सूत्रं हाती घेणाऱ्या डॉक्टरबाई, आज निरोप घेणारे कॅप्टन, म्हणजे आमचे हे, समोर बसलेले सर्व सभासद, त्यांच्या घरची मंडळी आणि मागे दाराशी ट्रे हातात धरून ताटकळलेले कर्मचारी बंधू-भगिनी, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

सेक्रेटरी मघाशी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, वहिनी, दोनच शब्द बोला, पण गोड बोला. मावळत्या कॅप्टनच्या बायकोने गोड बोलायचं, फुलांचा गुच्छ घ्यायचा आणि खाली बसायचं, अशी इथली रीत आहे. माझ्या आधीच्या सगळ्याजणींनी ती पाळली. मीही पाळणार होते. सकाळपासून आरशासमोर उभी राहून पाठ करत होते. पण माझ्या आधी अध्यक्षमहोदय जे बोलले, ते ऐकलं आणि माझं पाठांतर कुठल्या कुठे पळालं. तेव्हा आता सुचेल तसं बोलते. मी आयुष्यभर हॉस्पिटलात मेट्रन होते, त्यामुळे गोडाची खात्री देत नाही.

अध्यक्ष काय म्हणाले, ते मागच्या रांगेपर्यंत पोचलं का? तिकडे गप्पा रंगल्या होत्या, म्हणून पुन्हा सांगते. ते म्हणाले की डॉक्टरबाई आपला दातांचा दवाखाना सांभाळून हे पद घेत आहेत, तेव्हा त्यांच्यावर कामाचा फार भार पडता कामा नये. म्हणून क्लबने 'मार्गदर्शक कॅप्टन' असं एक नवं पद काढलं आहे आणि त्यावर आमच्या ह्यांना कायमचं नेमलं आहे. तक्रारी, भांडणं, मैदानावरचे वाद, सगळं हेच बघतील. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. काहीजणांनी तर उभं राहून वाजवल्या. आणि हे काय करत होते? हसत होते. ते हसू मला चांगलं ठाऊक आहे. दात उपटायच्या आधी खुर्चीतला पेशंट असंच हसतो. डॉक्टरबाई, तुम्हीही ओळखलं असणार.

याला निरोप म्हणतात होय? फुलं देऊन माणसाला पुन्हा खुंटीला बांधायचं, त्याला?

बरं, रागावू नका. पहिल्यापासून सांगते, म्हणजे पाहुण्यांनाही कळेल.

आमच्या ह्यांचं आयुष्य पूल बांधण्यात गेलं. आज या नदीवर, उद्या त्या खाडीवर. माझं आयुष्य वॉर्डात. हे घरी यायचे तेव्हा मी ड्यूटीवर, मी घरी यायची तेव्हा यांची बॅग दाराशी. मुलं मोठी झाली ती आमच्या सासूबाईंच्या हाताखाली. दोघंही निवृत्त झालो तेव्हा ह्यांनी एकच गोष्ट मागितली. म्हणाले, "आता सकाळी माझ्याबरोबर चालायला ये." हे चालणार ते गोल्फच्या मैदानावर, म्हणून मी या वयात हा खेळ शिकले. माझ्या फटक्याने चेंडू कमी आणि माती जास्त उडते, हे इथे सगळ्यांनी पाहिलंय. पण पहिल्या होलपासून शेवटच्या होलपर्यंत, न थांबता, दोघांनी एक पूर्ण डाव खेळायचा, एवढंच आमच्या मनात होतं. तेवढ्यात तुम्ही ह्यांना कॅप्टन केलंत. तो डाव आजतागायत झालेला नाही.

का झाला नाही? तर आपल्या क्लबची ती थोर परंपरा. चेंडू कुठे पडला यावरून खेळाडूंचं जुंपलं, की इतर ठिकाणी लोक नियमांचं पुस्तक उघडतात. आपल्याकडे कॅप्टनला बोलावतात. कॅप्टनने स्वतः तिथे येऊन, वाकून, चेंडू पाहायचा आणि निकाल द्यायचा. तोवर त्या चेंडूला कुणी बोटही लावायचं नाही. ज्या जुन्या लोकांनी ही रीत घातली, त्यांचा हेतू चांगला होता. कॅप्टनला एवढ्या लांब चालत आणायचं म्हणजे लाज वाटेल आणि माणसं आपापसात मिटवतील, असा त्यांचा हिशेब. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की लाज हीच वस्तू पुढे दुर्मिळ होणार आहे.

एक किस्सा सांगते. दोन सख्खे साडू आहेत, आज हजर आहेत, नाव घेत नाही. एकाचा चेंडू उडाला तो दुसऱ्याच्या उघड्या डब्यात, थेट सँडविचवर जाऊन बसला. डबेवाला म्हणे, मला भूक लागलीय, चेंडू उचल. चेंडूवाला म्हणे, कॅप्टन येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हे घरी तापाने फणफणलेले. फोन आला, उठले. मी म्हटलं, अहो, सँडविच आहे ते, मूल अडकलेलं नाही विहिरीत. तरी गेले. अंगात ताप घेऊन त्या डब्यापाशी गुडघे टेकून बसले आणि निकाल दिला. साडूंपैकी कुणी साधं विचारलं नाही, की साहेब, तुमचे डोळे का लाल झालेत?

हसा, हसा. मलाही तेव्हा हसूच आलं होतं.

मग एके दिवशी सरावाच्या हिरवळीपाशी हे चक्कर येऊन पडले. तेव्हा मात्र क्लबला पाझर फुटला. कॅप्टनचा भार हलका करण्यासाठी एक समिती झाली. समितीची बैठक आमच्याच घरी, कारण कॅप्टनला बाहेर पडायचा त्रास नको. चहा मी केला. दुपारभर सगळे आमच्या सोफ्यावर बसून ह्यांचं कोणतं काम कमी करता येईल यावर डोकं खाजवत होते. तक्रारी ऐकणं? ते कॅप्टनलाच शोभतं. वाद मिटवणं? परंपरा आहे. पाहुण्यांना मैदान दाखवणं? कॅप्टनच्या हातून ते फार छान होतं. शेवटी एकाला युक्ती सुचली. कॅप्टन स्वतः खेळत असले की फोन उचलत नाहीत, मग लोक पुन्हा पुन्हा फोन करतात, आणि त्याचाच ताण त्यांच्यावर येतो. तेव्हा कॅप्टनने काही दिवस खेळणं बंद करावं.

एकमताने मंजूर. कामं सगळी तशीच ठेवली आणि खेळ तेवढा काढून घेतला. पायांना आराम म्हणून ह्यांना बॅटरीवर चालणारी एक छोटी गाडीही दिली. आधी चालत जावं लागायचं म्हणून लांबचे वाद लोक निदान जरा सोडून तरी द्यायचे. गाडी आल्यावर तेही बंद झालं. पूर्वी सकाळी हे माझ्याबरोबर निघायचे आणि अर्ध्यातून कुणीतरी उचलून न्यायचं. आता मी एकटीच खेळायची, आणि समोरून हे गाडीतून भुर्रकन जायचे. एकमेकांना हात हलवायचो. उतारवयातला आमचा संसार तो एवढाच.

मदतीला तीन उपकॅप्टन नेमले. एक मैदानाचा, एक स्पर्धांचा, एक इमारतीचा. काम काय? काही बिघडलं की कॅप्टनला कळवायचं. पूर्वी एक फोन यायचा, तिथे आता चार येऊ लागले. एक तक्रारवाल्याचा आणि तीन उपकॅप्टनांचे, साहेब, तक्रार कळली ना, म्हणून.

आता जे सांगणार आहे ते जेवणाआधी सांगू नये. पण तुम्ही केलंत, तर मी सांगायला काय हरकत?

मागे एकदा मी ह्यांना घ्यायला क्लबवर आले. हे कुठेच दिसेनात. कुणीतरी पुरुषांच्या न्हाणीघराकडे बोट दाखवलं. मेट्रनला पुरुषांच्या न्हाणीघराचं काय अप्रूप, सरळ आत गेले. शॉवरची मोरी तुंबली होती. गुडघाभर नाही, पण घोटाभर गढूळ पाणी, त्यावर साबणाचा तवंग. आणि ज्यांनी नद्यांवर पूल बांधले ते आमचे हे, पँट दुमडून, त्या पाण्यात गुडघ्यांवर बसून, कोपरापर्यंत हात घालून मोरीतून केसांचा गुंता ओढून काढत होते. तुमच्या केसांचा. वर कमरेला टॉवेल गुंडाळून दोघे उभे. त्यातला एक म्हणजे इमारतीचे उपकॅप्टन. कमरेवर हात ठेवून सांगत होते, "साहेब, जरा डावीकडे."

मी उभ्या जन्मात काय काय हातांनी साफ केलंय, ते या शुभ्र टेबलक्लॉथसमोर सांगत नाही. पू, रक्त, ओकारी, सगळं. किळस कधी आली नाही. आजारी माणसाची घाण ती, तिला कोण नावं ठेवणार? पण त्या दिवशी मला शिसारी आली. मोरीची नाही, त्या दोन टॉवेलांची. धडधाकट हात कमरेवर, आणि खाली आपल्या बापाच्या वयाचा माणूस चिखलात. घरी जाऊन मी हात धुतले, पुन्हा धुतले. मी तर कशाला हातही लावला नव्हता.

आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा तुमच्यातले बरेच जण भेटायला आलात. त्याबद्दल आभार, मनापासून. पण एकजण ह्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसले. मला वाटलं, किती हळवा माणूस. मी पाणी द्यायला जवळ गेले, तर ऐकलं. ते हळू आवाजात म्हणत होते, आता अशा वेळी बोलू नये, पण साहेब, माझं लॉकर अजून कोपऱ्यातलंच आहे. आणि आमचे हे, आई जाऊन दिवस उलटला नव्हता, मान हलवून म्हणाले, बघतो.

बघतो. हा एकच शब्द यांना येतो. 'नाही' हा शब्द कुणी शिकवलाच नाही. तुम्ही सगळ्यांनी ते बरोबर हेरलंत. मऊ लागतंय म्हटल्यावर खणत गेलात. त्यात दुष्टपणा नाही, हे मी जाणते. दुष्टपणा असता तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. तुम्ही तर गोड हसता, वहिनी म्हणता, आणि उष्टी बशी नेमकी ह्यांच्या समोर सरकवता. मला त्याचाच वीट आलाय.

काय झालं? ट्रेवाला मुलगा ह्यांच्या कानाशी का लागलाय? ... मोठ्याने सांग रे, माईक चालू आहे. बाहेर दोन गाड्या आडव्या लागल्यात? मालक दोघंही इथेच बसलेत आणि दोघांनी निरोप धाडलाय की कॅप्टनना जरा बाहेर पाठवा?

ऐकलंत सगळ्यांनी? यांच्या निरोपाच्या भाषणात. आणि हे बघा, हे उठायला लागले.

अहो, बसा.

बसा म्हणते ना. मुला, तू जा, तुझी काही चूक नाही. त्या दोन गाड्या राहू देत तशाच. कॅप्टन येईपर्यंत हात न लावायची आपली परंपराच आहे.

आता मी ह्यांना सगळ्यांसमोर एकच विचारते. घरी विचारलं तर 'बघतो' म्हणतील, म्हणून इथे विचारते. तुम्हाला हे मार्गदर्शक कॅप्टनपद हवंय का? माझ्याकडे बघू नका. अध्यक्षांकडेही बघू नका. आपल्या बुटांकडे तर मुळीच नको. हवंय का?

... माईक जरा त्यांच्याकडे सरकवा.

"नको."

पुन्हा सांगायची गरज नाही, स्पष्ट ऐकू आलं. इतक्या वर्षांत मी हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. अध्यक्षमहोदय, ते पद रद्द समजा. आणि अहो, ती बॅटरीच्या गाडीची किल्ली द्या तुमच्या खिशातली. अध्यक्षमहोदय, ही मी इथे तुमच्या पुढ्यात ठेवते. डॉक्टरबाईंच्या हातात ती देऊ नका. डॉक्टरबाई, तुमच्या पाया पडते, पण पहिल्याच दिवशी कुणालातरी 'नाही' म्हणून बघा. दवाखान्यात तोंड उघडायला लावता ना, इथे मिटायला लावा. आणि ज्याला मोरी तुंबलेली दिसेल, त्याच्या हातात आधी बादली द्या.

आता आभार. हिरवळ राखणाऱ्यांचे आभार, स्वयंपाकघराचे आभार, कारण या लोकांनी आमच्या ह्यांना विनाकारण कधी उठवलं नाही. फुलांबद्दल आभार, गुच्छ सुरेख आहे. शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दलही, ज्यांनी घेतलं त्यांचे.

उद्या सकाळी आम्ही दोघं पहिल्या होलवरून निघणार आहोत, पायी, आणि शेवटच्या होलपर्यंत जाणार आहोत. मी फार हळू खेळते. मागून येणाऱ्यांनी थांबावं. कुणाचा चेंडू कुठे अडकला तर अडकू द्यावा.

बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर क्षमा मागायची पद्धत आहे. ती मी जरूर मागेन, पण उद्या, आमचा डाव पूर्ण झाल्यावर.

अहो, आता उठा.