सिमेंटखालची भिंत

सांता फेच्या चौकात बेर्नादिता बसची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर म्हातारी प्रुदेन्सिया आणि तिची भावजय एलोईसा बसल्या होत्या. बेर्नादिताने कान तिकडे लावले.

"वन्सं, तुमच्या माहेरच्या घरापुढं पर्यटकांची ही गर्दी. गाईड सांगत होता, भिंत तीनशे वर्षांची आहे म्हणून."

"त्याला काय कळतंय? दर उन्हाळ्यात आई आणि मी माती-पेंढा कालवून हातानं लिंपायचो ती. आता ते घर घेतलेल्या गॅलरीवाल्यानं वर सिमेंट थापून घेतलंय."

"गुळगुळीत दिसते पण."

"मढ्याला पावडर फासली तरी गुळगुळीतच दिसतं. सिमेंटखाली पाणी अडकतं, एलोईसा. आतून भिंतीचा चिखल होतो."

"खालचा कोपरा फुगलाय खरा."

"फुगणारच. ज्यानं सिमेंट लावलं त्याचे हात झडोत."

"असं बोलू नये, वन्सं."

"का? कुणी उपराच असणार तो. इथल्या पोराला मातीच्या भिंतीचं एवढं तरी कळतं."

"गवंडी इथलाच होता."

"मग नाव सांग. त्याच्या आईच्या दारात जाऊन विचारते, पोराला हेच शिकवलंस का म्हणून."

"लांब जायला नको. तुमच्याच पोरानं, रामिरोनं केलंय ते काम."