उबेत ठेवलेली गाडी

रॅनी : वहिनी, आधी त्या खड्ड्यातून वर या बघू. तुमचं वय काय, आणि गाडीखाली काय शिरताय!

मर्डीना : तूच खाली ये. वरून बडबड करून गंज जात नसतो. आणि येताना दिवा आण, इथं डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाहीये.

रॅनी : दिवा लावून दिसायचंय काय? गाडी आत आणलीत तेव्हाच खालून करकर ऐकली मी. अख्खं आयुष्य या कोठारात गाड्या दुरुस्त करण्यात गेलं माझं, एवढंही कळत नाही होय? कॉलिनलासुद्धा तेच म्हटलं.

मर्डीना : कॉलिनला? माझ्या मुलाला तू फोन केलास?

रॅनी : मी नाही, त्यानंच केला, अल्बर्टाहून. म्हणाला, काका, आईचं मन वळव. ती गाडी जाऊ दे भंगारात, नवी घेऊ दे. आणि घ्यायची नसेल तर निदान हिवाळ्यात तो डोंगर ओलांडणं बंद कर म्हणावं.

मर्डीना : अस्सं! म्हणजे काका-पुतण्यांनी मिळून सगळं ठरवून टाकलंय. आणि डोंगरापलीकडे त्या वृद्धाश्रमात कॉलिनचा बाप बसलाय, त्याला भेटायला कोण जाणार? तू?

रॅनी : ...दिवा आणतो.

मर्डीना : आण. पेचकसही आण.

रॅनी : हं, सरका जरा. हा बघा गाडीचा सांगाडा. ठणठणीत आहे. दादानं तेल पाजून पाजून ठेवलाय त्याला. या ब्रेकच्या नळ्या, या दोन गेल्या. आणि आता हा दाराखालचा लांब पत्रा. पेचकस नुसता टेकवतोय हं, जोर लावत नाही...

मर्डीना : अगं बाई! आरपार गेला की!

रॅनी : चहात बुडवलेल्या ओटकेकसारखा झालाय. बघा, बोटानं तुटतोय. या महिन्यात तपासणीचं स्टिकर संपतंय तुमचं, आणि तपासणी करणारा मी. आधीच सांगून ठेवतो, भावजय असलात तरी खोटं स्टिकर लावणार नाही.

मर्डीना : खोटं मागितलंय कुणी? मी विचारते तेवढं सांग. इतकी वर्षं ही गाडी याच किनाऱ्यानं धावली. एका अंगाला समुद्राचं खारं वारं, दुसऱ्या अंगाला रस्त्यावरचा बर्फ वितळवत फिरणारा मिठाचा ट्रक. टिकलीएवढा डाग नव्हता कधी. हेक्टरना आश्रमात ठेवून एकच हिवाळा उलटला, तर ही दशा? मी तर जिवापाड जपलंय हिला.

रॅनी : तेल मारलं होतंत?

मर्डीना : गेल्या वर्षी राहिलं. त्यांना हलवायच्या गडबडीत तेलाचं कुणाला सुचतंय? पण बाकी सगळं केलं.

रॅनी : बाकी म्हणजे?

मर्डीना : कॉलिननं गराजमध्ये हीटर बसवून दिला ना. डोंगर उतरून घरी आले की गाडी आत, दार बंद, हीटर सुरू. एक रात्र म्हणून गारठू दिली नाही बिचारीला.

रॅनी : मिठासकट? न धुता?

मर्डीना : नळ गोठतो त्या थंडीत धुते कशानं? थुंकीनं?

रॅनी : अरे देवा! वहिनी, वहिनी, काय केलंत हे! कडाक्याच्या थंडीत मीठ काही करत नाही हो. गाडी बाहेर बर्फात उभी असली की तेही जागच्या जागी गप पडून राहतं. तुम्ही रोज रात्री ऊब दिलीत त्याला. बर्फ वितळला, खारं पाणी झालं, सांदीकोपऱ्यात शिरलं आणि पत्रा खात बसलं. सकाळी परत रस्त्यावर, परत नवं मीठ. तुम्ही गंजाला जेवायला वाढलंत, तेही गरम गरम.

मर्डीना : ...म्हणून ते कधी आत लावू देत नव्हते.

रॅनी : दादा? छे! तो कशाला लावू देतोय!

मर्डीना : आणि मी जन्मभर त्यावरून भांडले. म्हटलं, बटाटे गराजमध्ये आणि गाडी बर्फात कुडकुडतेय, असला कसला हा उफराटा माणूस! नुसते हसायचे. एकदा तोंड उघडून कारण सांगितलं असतं तर जीभ झिजली असती का?

रॅनी : दादा आणि कारण सांगणार! लॉब्स्टरचे पिंजरे कुठं टाकतो ते मला, सख्ख्या भावाला, कधी सांगितलं नाही त्यानं.

मर्डीना : म्हणजे मीच खाल्ली रे ही गाडी. जपते जपते म्हणत मीच.

रॅनी : आता डोळे पुसा बघू. पत्राच आहे तो. म्हणून तर म्हणतोय, नवी घ्या. हल्लीच्या गाड्यांत बसायची जागासुद्धा गरम होते.

मर्डीना : माझी बसायची जागा गरम करायची चिंता तू नको करूस. रॅनी, ऐक. हे मी कॉलिनलाही बोलले नाहीये. हेक्टर मला ओळखत नाहीत.

रॅनी : अधूनमधून विसरतो, ते ठाऊक आहे.

मर्डीना : अधूनमधून नाही. वसंतापासून एकदाही नाही. 'बाई' म्हणतात मला. आश्रमातलीच कुणीतरी समजतात. पण गाडी ओळखतात. खिडकीतून गाडी दिसली की डोक्यावर टोपी आणि स्वारी बाहेर. दाराखाली बोट फिरवायचं, बोटाला तेल लागलं की वास घ्यायचा, पँटला पुसायचं. मग आत बसायचं आणि बोलायचं. काय काय बोलतात! आमच्या लग्नातला नाच, वादळात सापडलेली होडी, तू विहिरीत पडला होतास ते. सगळं त्या गाडीत. खोलीत अवाक्षर नाही.

रॅनी : मी पडलो नव्हतो, त्यानं ढकललं होतं.

मर्डीना : ते ढकलल्याचंही सांगतात. मागच्या रविवारी असंच बोट फिरवलं, तर हातात गंजाचा पापुद्रा आला. कोरडा. जुनं तेल उरलं होतं ते संपलं असणार. त्याच्याकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि म्हणाले, ही माझी गाडी नाही. माझी गाडी अशी नसते. आत निघून गेले. त्यानंतर मी गेले तर खिडकीतून उठलेसुद्धा नाहीत. रॅनी, मला विसरले ते मी गिळलं. पण त्या गाडीतला तो तासभर माझा आहे. तो मी गंजाला देणार नाही. कॉलिनला नाही, तुला नाही, कुणालाच नाही.

रॅनी : मला हे कुणी सांगितलंच नाही.

मर्डीना : ऐकायला आलास कधी?

रॅनी : गेलो होतो की ईस्टरला! मला म्हणतो, कुंपणाचं काय करणार आहेस, मॅकनील? शेजारचा मॅकनील समजला मला, ज्याच्याशी कुंपणावरून उभा दावा होता तो. मरून इतकी वर्षं झाली त्याला! काय शिव्या घातल्या वहिनी मला, काय शिव्या! पाठच्या भावाला! पुन्हा पाऊल उचललं नाही माझं.

मर्डीना : तुला निदान मॅकनीलचं तरी नाव मिळालं. मला तेही नाही.

रॅनी : ...हसवू नका हो. बरं नाही वाटत.

मर्डीना : मग हातपाय हलव. हा पत्रा कापून नवा घालता येतो की नाही?

रॅनी : येतो. जाड पत्र्याचा तुकडा पडलाय तिथं मागं. नळ्याही आहेत. पण दिवस जाईल त्यात.

मर्डीना : दिवसच आहे आपल्याकडे. रात्री बर्फ सांगितलाय. मिठाचा ट्रक वळणावर भरून उभा आहे, येताना बघितला मी. तो निघायच्या आत गाडीच्या पोटात तेल गेलं पाहिजे.

रॅनी : तुम्ही आणि तुमचं 'पाहिजे'! दादा कसा नांदला असेल कोण जाणे. हा वास कसला येतोय? मेंढी शिरली का कुठं?

मर्डीना : मेंढीच्या लोकरीतून निघते ती चरबी आहे. मेंढ्या पाळते ना ती फ्लोरा, तिच्या गोठ्यावरून सकाळीच आणली आणि इंजिनाचं तेल घालून चुलीवर पातळ केली. ते करायचे तशी.

रॅनी : कशात केलीत? थांबा, थांबा. हे तुमचं सुपाचं भांडं! याच भांड्यात चरबी उकळली म्हणून दादाला घराबाहेर काढलं होतंत तुम्ही. माझ्याकडे झोपला होता दोन रात्री!

मर्डीना : काढलं होतं. आता मीच उकळली. पुढं बोल.

रॅनी : पुढं काही नाही, ते भांडं आधी दाराबाहेर न्या. आधी वेल्डिंगनं जोड, मग रंग, मग तेल. तेलावर ठिणगी पडली तर कोठारासकट आपण दोघं वर जाऊ.

मर्डीना : मग मी काय करू?

रॅनी : दिवा धरा. तोंड तिकडे वळवा, ठिणग्यांकडे बघू नका. आणि हलू नका. हलू नका म्हटलं ना!

मर्डीना : हलत नाहीये, थरथरतेय. फरक आहे.

रॅनी : झाली ही बाजू. आता ती. हात लावून बघा. गरम आहे, जपून.

मर्डीना : ही कडा लागतेय हाताला. त्यांना बोटाला लागेल.

रॅनी : वहिनी, गाडीच्या खाली आहे ते, कोण बघणार आहे?

मर्डीना : हेक्टर.

रॅनी : ...घासतो. द्या ती कानस.

मर्डीना : अजून घास. हं, आता काही लागत नाही. शाबास. फवारा दे माझ्या हातात, तेल मी मारणार.

रॅनी : माखाल सगळ्या. बरं, घ्या. ही नळी भोकातून आत घाला, खोलवर. दाराच्या तळाची भोकं तेवढी बुजवू नका, पाणी जायची वाट आहे ती. मारा. सढळ हातानं मारा, टपकू दे खाली.

मर्डीना : केसांत गेलं माझ्या.

रॅनी : केसांना गंज नाही चढायचा मग. आता झालं की थेट घरी नाही जायचं. जुन्या खाणीच्या कच्च्या रस्त्यानं एक फेरी मारा, अजून कोरडा आहे. धूळ बसू दे तेलावर, म्हणजे ते धरून राहील. उद्या बर्फाखाली धूळ कुठली मिळायला!

मर्डीना : म्हणजे त्यासाठी जायचे का ते? आत्ता तेल लावलेली गाडी धुळीत लोळवून आणायचे, आणि मी पाण्याची नळी घेऊन दारात उभी!

रॅनी : तुम्ही धुवायचात?

मर्डीना : खसाखसा.

रॅनी : तरीच दादा दरवर्षी दोनदा तेल मारायला यायचा! मला म्हणायचा, एकदा गाडीसाठी, एकदा संसारासाठी.

मर्डीना : चावट कुठला! रॅनी, रविवारी तू माझ्याबरोबर येतो आहेस.

रॅनी : आणि मला पुन्हा मॅकनील म्हणाला तर?

मर्डीना : तर ते कुंपण एकदाचं मिटवून टाक.

(रविवार. डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमाचं आवार. बर्फ पडून गेलेला. गाडी मिठानं पांढरी.)

रॅनी : खिडकीत नाही तो.

मर्डीना : थांब.

रॅनी : हॉर्न देऊ?

मर्डीना : नको, चिडतात. थांब म्हटलं ना.

रॅनी : वहिनी, पडदा हलला. दार उघडलं. टोपी घातलीय त्यानं!

मर्डीना : टक लावून बघू नकोस. खाली उतर, आणि सहज उभा राहा.

हेक्टर : कुणाची गाडी ही?

मर्डीना : तुम्हीच बघून सांगा.

हेक्टर : हं. ओलं आहे. मेंढीचा वास आहे. धूळही बसलीय वर. पण हा पत्रा नवा आहे इथं.

रॅनी : मी घातला.

हेक्टर : जोड लागत नाही हाताला. बरा हात आहे तुझा. मॅकनील ना तू?

रॅनी : ...हो. मॅकनीलच.

हेक्टर : मग कुंपणाचं काय?

रॅनी : तुमचं खरं होतं. मागं घेतो मी.

हेक्टर : एवढं आधी म्हणाला असतास तर किती शिव्या वाचल्या असत्या. बाई, रात्री हिला आत लावता का?

मर्डीना : नाही. बाहेर, बर्फात.

हेक्टर : तिथंच बरी. माझ्या बायकोला पटत नाही ते. भांडते.

मर्डीना : मग कारण का सांगत नाही तिला?

हेक्टर : सांगितलं तर भांडायची थांबेल. काय दिसते हो ती, भांडताना! हा मी बसलो गाडीत. थंडीत का उभ्या तुम्ही? आत बसा. गाडी आलीय म्हणजे मर्डीना येईलच एवढ्यात.

मर्डीना : येईल हो. जरा सरका, तोवर मी बसते.