समोरच्या दुकानातल्या टॅबचं माप

माझं माहेर देवणीकडचं. बाप मापाडी व्हता माझा, म्हंजे बाजारच्या दिवशी पायलीनं जवारी, हरभरा मोजून द्यायचा, हेच त्याचं काम, आनि काय सांगू तुमाला, त्यो मोजाय बसला की आजूबाजूची मानसं गप व्हायची. पयल्या मापाला एक म्हनायचं नसतंय, लाभ म्हनायचं, लाभ, दोन, तीन, असं चालीवर म्हनत जायचा. एकदा हरभरा इकनाऱ्या व्यापाऱ्यानं घरची पायली आनली, वरून बघायला आमच्याएवढीच, बापानं नुसती आत मूठ घातली, मनगट बुडायला पायजे तर बोटंच टेकली, बूड वर उचलून ठोकून घेतलं व्हतं की त्यानं. बापानं ती पायली भर बाजारात पालथी घालून तिच्यावर पाय दिला, चेपून टाकली. तसा माझा बाप आनि तशीच मी. तुमी हे लिवून घेताव म्हनून पयलेच सांगून ठेवते, मागून म्हनायचं न्हाई की बाई लई डूख धरती म्हनून. धरतेच.

पन त्याच बापाची एक रीत व्हती, सोयऱ्याच्या घरचं धान्य मोजायचं न्हाई. मोजलं तर सोयऱ्याला चोर म्हनल्यासारखं व्हतंय. आलं पोतं की तसंच कणगीत ओतायचं. ह्या रीतीनंच माझा घात केला बगा.

लगीन होऊन मी शिरूर अनंतपाळकडं आले, तिथून लातूरला. आमचे हे मार्केट यार्डात हमाली करत्यात, गरीब मानूस, चार शब्द बोलायचे तर दोन बोलत्यात. मी पोरींच्या मेसमदी भाकऱ्या करायची. एकच लेक, पूजा, अभ्यासाला लई हुशार, तिला डॉक्टरकीची परीक्षा द्यायची व्हती. क्लासमदल्या समद्या पोरींकडं टॅब, ते मोठ्या पाटीएवढं असतंय की, त्याच्यावर सरांचे व्हिडिओ बघायचे, नोट्सचे फोटू काढून ठेवायचे. पूजा कदी मागायची न्हाई, मलाच वाटलं घ्यावं. आनि टॅबचं दुकान कुनाचं, तर बालाजीचं. बालाजी म्हंजे माझ्या धाकट्या जावेचा सख्खा भाऊ, घरचाच की. मला अक्का म्हनायचा, माझ्या हातची धपाटी मागून खायचा. त्यानं एक स्वस्तातला काढून दिला, म्हनला अक्का, कंपनी नवी हाय पन माल सोन्यासारखा, चौसष्ट जीबी, पूजाचं अख्खं कॉलेज ह्याच्यात मावंल. मी इचारलं, महागाचा घेऊ का रे? म्हनला, कशाला, नाव निराळं, आतलं सामान एकच. आनि मापाड्याची लेक मी, मोजलं न्हाई, काही न्हाई, पदराखाली झाकून घेऊन आले.

पूजानं आठ म्हयने त्याच्यात फोटू भरले. मैत्रिणींच्या वह्या, सरांचे फळे, समदं. परीक्षा दोन म्हयन्यांवर आली आनि एका सकाळी मला हाक मारली, आई, हे बग. पयल्या पयल्या म्हयन्यांचे फोटू उघडले तर नुसता राखेचा रंग. नावं हायत, फोटू न्हाईत. त्या टॅबवर चौसष्ट लिवलेलं पन आत जागा आठाचीच, वरून नवं टाकलं की खालचं मरून जायचं. बूड वर उचललेली पायली व्हती ती, दुसरं काही न्हाई. माझ्या बापानं पाय देऊन चेपली तीच माझ्या लेकीच्या हातात मी दिली.

मी तशीच दुकानात गेले, हाताला पीठ तसंच. गिऱ्हाईक भरलेलं. बालाजीनं टॅब हातात बी घेतला न्हाई. म्हनला अक्का, त्या भावात अजून काय येनार, चांगलं पायजे असलं तर ऐपत लागती, न्हाईतर पोरीला पाटी घेऊन द्यायची व्हती. आनि माझ्या पिठाच्या हाताकडं बघून हासला. दुकानातले चार लोक बी हासले. ते हासनं माझ्या कानातून अजून गेलं न्हाई. मी पायरी उतरले आनि म्हनलं, बालाजी, तुझं माप मी भरनार, आख्ख्या लातूरसमोर भरनार.

पूजाचं थोडक्यात हुकलं. ती म्हनती टॅबमुळंच हुकलं असं न्हाई आई, माझं फिजिक्स कच्चंच व्हतं. म्हनू दे, मी माझ्याकडून बालाजीला सोडलं न्हाई. तिला नांदेडला नर्सिंगला जागा मिळाली, मी तिच्यासंगं गेले, हे इकडंच राहिले. विष्णुपुरीच्या रस्त्याला, इंजिनेरिंगची पोरं जातात येतात तिथं, एका उस्तादाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान व्हतं, म्हातारा मानूस, तिथं झाडलोटीला लागले. झाडता झाडता बघायची. उस्ताद एक दिवस म्हनले, बाई, नजर चांगली हाय तुमची, बसा इथं. मंग पेचकस धरायला शिकले, बॅटरी बदलायला, काच बसवायला, आनि खोटं सामान पकडायला. तीन वरसं. पोरं म्हनायची मावशी तुमाला ह्या वयात हे कशापाय पायजे? मी म्हनायची, एकाला भेटायचंय.

पूजा नोकरीला लागली तशी मी लातूरला आले आनि टेबल टाकलं. कुटं, तर बरोब्बर बालाजीच्या दुकानासमोर, रस्त्याच्या ह्या अंगाला, रसवंतीच्या पत्र्याखाली. दुसरीकडं जागा मिळत व्हती की, घेतली न्हाई. दुरुस्तीचे पैसे घ्यायची, पन नवा टॅब भरून बघायला काई घ्यायची न्हाई. माझ्याकडं पेनड्राइव्हमदी एक-एक जीबीची गाठोडी करून ठेवलेली हायत, भजनं, लग्नांचे व्हिडिओ, ती एकेक आत टाकायची, बापासारखं मोठ्यानं मोजायचं, लाभ, दोन, तीन, आनि मंग पयल्यापासून उघडून बघायची. टॅब थोडी जागा स्वतःच्या सामानाला ठेवतंय, त्यात खोट न्हाई, पन राहिलेली भरायलाच पायजे. बालाजीच्या दुकानातला पयला टॅब माझ्या टेबलावर आला, सात झाले, आठ झाले, आनि लाभचं गाठोडं उघडलं तर राख. मी त्या गिऱ्हाइकाला म्हनलं, जा, इथूनच जा, रस्ता ओलांडून. अन् खुर्चीवर सरकून बसले बघायला. काय गोड वाटलं म्हनून सांगू, देवाच्या पायाशी बसून असं वाटलं न्हाई कदी.

रोज एक, दोन, कदी तीन. जाऊबाई रडत आली, अक्का, माझ्या भावाचं दुकान बसवू नका, सोयरे हावत आपन. मी म्हनलं, सोयरे हावत म्हनूनच मोजून राहिले, पयले मोजलं न्हाई ती चूक झाली. तिनं बोलनं टाकलं, टाकू दे. बालाजीनं घाबरून खोटा माल आननं बंद केलं, खरा आनू लागला, मला कळत व्हतं ते, माझ्या हाताखालूनच जायचं ना समदं. पन मला त्याचं तेवढ्यावर भागलं असं वाटंना.

तुमी मगाशी इचारलाव, स्वस्तातला घ्यावा का महागाचा. आता कळतंय मला ते, म्हनून सांगते. महागाचा हातात घेतला की गार लागतंय, काच सुंदर, चार-पाच वरसं चालतंय, पन पडला की त्याची काच बसवायच्या पैशात आनखी एक स्वस्तातला येतंय. लई लोक महागाचा घेतात ते पावन्यांसमोर काढायला. एका साहेबाच्या पोराचा आला व्हता, समद्यात भारी, आत एक धडा न्हाई, नुसते खेळ. स्वस्तातला हळू चालतंय, बॅटरी दोन वरसांत दम टाकती, फोटू भुरका येतंय, पन व्हिडिओ बघायला अन् वाचायला पोरीला काई कमी पडत न्हाई. माप पुरं असलं तर स्वस्तातला वाईट न्हाई. हे मला तवा बी ठावं व्हतं. ठावं असून मी जे केलं ते आता सांगते, ते बी लिवा, गाळू नका.

निलंग्याकडची एक बाई आली, संगं लेक, अकरावीतली, राधा तिचं नाव. समोरून स्वस्तातला टॅब घेतलेला, माझं नाव ऐकून दाखवायला आलेल्या. मी भरायला लागले. बालाजी त्याच्या गल्ल्यावरून बघून राहिला. लाभ, दोन, तीन, पन्नासाला टेकले, लाभचं गाठोडं उघडलं, भजन खणखणीत वाजलं. माप पुरं व्हतं. पोरगी माझ्या तोंडाकडं बघून राहिली. आनि तवाच बालाजी तिथून हासला. त्याला वाटलं असंल, ह्या बारीला बाई काय म्हनती बघू. मला ते पिठाच्या हाताचं हासनं दिसलं. मी म्हनलं, खोटं हाय, वापस करा.

त्यो धावत आला, अक्का, खरा हाय, तुमाला ठावं हाय खरा हाय! पन लोक माझ्या बाजूनं, माझा शब्द म्हंजे काळ्या दगडावरची रेघ झालेली. सोयरा असून खोटं बोलतो का रे, असं लोकच त्याला बोलले. खाली मान घालून त्यानं टॅब घेतला, पैसे दिले. त्या बाईनं इचारलं, मंग कोनता घेऊ? मी म्हनलं महागाचाच घ्या, इखाची परीक्षा कशाला बगायची. ती हाव म्हनली आनि लेकीला घेऊन बसकडं गेली. मी त्या दिवशी घरी पुरणाची पोळी केली.

सहा-सात म्हयन्यांनी तीच बाई मोबाईल घेऊन आली, चार्ज होईना म्हनून. मी काम करता करता इचारलं, पोरगी काय म्हनती? म्हनली, गावाकडंच हाय, क्लास सोडला. महागाचा काई जमला न्हाई, स्वस्तातला तुमी खोटा हाय म्हनलाव, मोबाईल एक, त्यो तिच्या बापाकडं, मंग अभ्यास कशावर करनार? आनि माझा हात धरून म्हनली, पन तुमचे उपकार हायत बाई, तुमी फसू दिलं न्हाई आमाला. पिशवीतून तुरीच्या डाळीची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली.

बाई गेली तसं मी टेबल आवरलं.

पूजाला फोन केला, समदं सांगितलं. मला वाटलं म्हनंल, जाऊ दे आई. ती म्हनली, आई, बालाजीमामानं मला आठाचं चौसष्ट सांगितलं, तू तिला पन्नासाचं शून्य सांगितलं. तू बी मापात मारलीस की. आनि फोन ठेवला. माझी लेक माझ्याशी असं कदी बोलली न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडला. किती वरसांनी त्या पायरीवर पाय ठेवला. दुकानात गिऱ्हाईक व्हतं, ते एका परीनं बरंच झालं. म्हनलं, बालाजी, त्यो स्वस्तातला दे, निलंग्याच्या बाईला दिलता तसलाच. त्यानं काचेवर ठेवला. मी गाठोडी संगंच नेली व्हती, तिथंच उभं राहून भरायला लागले, मोठ्यानं. त्यानं बसायला खुर्ची दिली न्हाई, मी मागितली न्हाई. दीड तास लागला. संपलं तसं त्यो म्हनला, मंग अक्का, कसं हाय माप? गिऱ्हाईक बघून राहिलेलं. मी म्हनलं, पुरं हाय. त्यो म्हनला, मोठ्यानं सांगा, ऐकू आलं न्हाई. मी मोठ्यानं सांगितलं, पुरं हाय, आनि त्या बाईचं बी पुरंच व्हतं, मी लबाड बोलले. ह्या बारीला त्यो हासला न्हाई. मी त्याला माफ केलं असं समजू नका. पूजाच्या फोटूंची राख झाली ती झाली, त्याचा हिशेब त्याच्याकडं बाकीच हाय, आनि त्याच्या दुकानातला टॅब आज बी माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय कोन घेत न्हाई. त्यो स्वतः आनून देतंय भरायला, तवा मी त्याला उन्हातच उभा ठेवते, सावली देत न्हाई. पन भरलं की खरं सांगते, खरं असंल तर खरं.

परवा त्या पोरीच्या गावाला जाऊन आले. त्यो भरून बघितलेला टॅब इकत घेऊन तिच्या हातात दिला, झालं ते तिच्या आईसमोर सांगितलं, पाया पडले म्हना. आई रडली. पोरगी रडली न्हाई. मी म्हनलं, राधा, भरून बघितलाय, माप पुरं हाय. ती म्हनली, काकू, तुमची गाठोडी द्या, मी माझ्या हातानं भरून बघते.

बरोबरच हाय तिचं. ओसरीच्या पायरीवर बसून ती एकेक भरायला लागली, मला बस म्हनली न्हाई, मी उन्हातच उभी राहिले. एक, म्हनली. मी म्हनलं, बाई, एक न्हाई, पयल्याला लाभ म्हनायचं. तिनं वर बघितलं बी न्हाई, पन म्हनली, लाभ.

चांगलं व्हईल तिचं. दोन, तीन, चार, तिचं मोजून संपोस्तोवर मी उभी व्हते.