काळ्या वाळूतला अंगठा

…नाही हो साहेब, तुमच्या हातातल्या भागावर उठलाय ना, फोड नाही तो. अंगठा आहे. बसा ना, त्या स्टुलावर बसा – काळं लागलंच तर धुतलं की जातं. तर वाळू. वाळू म्हणजे वाळूच, असं वाटतं ना तुम्हाला? तसं नसतं. ही काळी – चिकणमाती, कोळशाची पूड आणि जराशी ओल. मुठीत दाबली की बोटंन् बोटं उमटतात बघा. लोखंड ओतून साचा फोडला की हीच चाळायची, भिजवायची, पुन्हा वापरायची. ती पलीकडची तेलाची – आत पोकळी हवी तिथं भाजून बसवायची. आणि गोण्यांत आहे ती नवी, रसायनाची – बघता बघता दगड होते. काम गुळगुळीत येतं, खोटं कशाला बोलू? मालक म्हणतात, काळा ढीग आता उचलायचा. म्हणून सांगतो, तुम्ही काळीच मागा. गिऱ्हाईकानं मागितली तर ढीग राहील – आणि ढीग राहिला तर थोरला राहील.

कोण थोरला? भाऊ माझा. जन्म ह्या ढिगापाशी गेला त्याचा. धूळ छातीत बसली ती बसलीच – खोकून खोकून गेला शेवटी. साचा मिटायच्या आधी कडेला अंगठा दाबायची खोड होती त्याला. टोक तुटलेला अंगठा – दिसतो ना आखूड? आता मी दाबतो. अहो, माझ्या हाताकडे काय बघता, माझा अख्खाच आहे! दुमडून सांध्यानं दाबतो – तसाच आखूड उठतो. वहिनी येते कधीमधी, ओतलेला भाग हातात घेते, म्हणते, अजून येतात हो हे कामावर. मी पुढचा साचा भरायला घेतो. तिचं तेवढंच उरलंय – आणि खरं सांगू, माझंही.

द्या तो इकडे, उजेडात बघू. काळ्या वाळूचं काम कसं, हाताला खरखरीत लागतं, हे असं – हे गुळगुळीत कसं? थांबा. थांबा जरा. हा नमुन्याचा भाग… हा नव्या वाळूतला. मीच केला, एकट्यानं. ह्यात मी दाबला नव्हता – नव्या वाळूत कधीच दाबत नाही, तिच्यात थोरला कुठला, म्हणून. आणि सांध्याला असल्या ठशाच्या बारीक रेषा नसतात हो. बघा. बघा ना – रेषा आहेत.

साहेब, तुम्ही निघा आता. वाळूचं काय ते मालकांशी बोला, ढीग उचलायचा तर उचलू दे. हा भाग तेवढा इथं राहू दे – नाही, हात नका लावू. जा म्हणतो ना.