समोरच्या दुकानातलं गंगावन

(इबादान शहरातलं आंटी इदोवूचं केसांचं दुकान. समोर रस्त्यापलीकडे तसंच दुसरं दुकान, त्याला कुलूप. खुर्चीत अबोसेदे बसली आहे, डोक्याला रुमाल.)

आंटी इदोवू : काढ गं तो रुमाल. माझ्यासमोर कसली लाज? लाज समोरच्या दारात शिरताना वाटायला हवी होती.

अबोसेदे : आंटी, आल्या आल्या गुडघा टेकून नमस्कार केला तुम्हाला. निदान बरी आहेस का, एवढं तरी विचारा.

आंटी इदोवू : बरीच असशील. नव्या दुकानात जातेस, नवी माणसं, नवी नवलाई. आज तिथं कुलूप दिसलं म्हणून म्हातारी आठवली.

अबोसेदे : शनिवारी माझ्या दिराचं लग्न आहे. आम्ही सगळ्या सुना एकाच रंगाच्या कापडात उभ्या राहणार. हे गंगावन जुनं झालंय, उतरवून नवं शिवायचंय. आणि ते कुलूप कुणामुळे लागलं ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

आंटी इदोवू : कुलूप केशकारिणींच्या संघटनेनं लावलं. मी नुसती तक्रार केली.

अबोसेदे : शेरिफातची.

आंटी इदोवू : मग कुणाची? फणी धरायला मी शिकवलं तिला. शिकणारीला गुरूनं मोकळीक द्यायची असते, चार माणसांसमोर, डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना करून. ती मिळायच्या आत हिनं दुकान थाटलं, तेही माझ्या नाकासमोर. आणि पाटी केवढी! माझ्या दाराएवढी.

अबोसेदे : मोकळीक मागायला आली होती ना ती? मी इथंच बसले होते. मानाची म्हणून कोलाची फळं घेऊन गुडघ्यावर बसली होती बिचारी, तुमच्या उंबऱ्यात.

आंटी इदोवू : तेव्हा माझी कंबर दुखत होती.

अबोसेदे : पुढच्या महिन्यात परत आली.

आंटी इदोवू : कंबर एका महिन्यात बरी होते का? मान खाली कर. टाके उसवते.

अबोसेदे : रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तुम्हाला नमस्कार करून जायची ती. तुम्ही उत्तरसुद्धा देत नव्हतात.

आंटी इदोवू : तोंडात सुई असायची माझ्या. ऐक, आज दुपारी बैठक आहे. अध्यक्षबाई म्हणाल्या, नुसती मोकळीक नाही एवढ्यावर मुलीच्या पोटावर पाय देणार नाही. काम वाईट असेल तर दाखवा, बिघडलेलं एखादं डोकं आणा, मग दुकान कायमचं बंद करतो. मी रात्रभर विचार करत होते, डोकं आणू कुठून. आणि सकाळी देवानं तुला धाडलं.

अबोसेदे : म्हणजे मी इथं गिऱ्हाईक म्हणून बसलेय की पुरावा म्हणून?

आंटी इदोवू : दोन्ही. हलू नकोस. तिच्याकडे चटकन होतं म्हणतात सगळ्या. चटकन कसं होतं ते मला विचार. गोंद! दोरा नको, सुई नको, केसांवरच गोंद फासायचा आणि पट्टी दाबायची. लावताना राणी, काढताना भिकारीण. मुळासकट येतात केस हातात.

अबोसेदे : मीही आधी गोंदच मागितला होता तिच्याकडे. घाई होती. तिनंच नाही म्हटलं.

आंटी इदोवू : तिनं नाही म्हटलं?

अबोसेदे : म्हणाली, घाई असेल तर उद्या या, पण गोंद लावणार नाही.

आंटी इदोवू : म्हणायला काय जातं. दर शनिवारी तिच्या बाहेरच्या बाकावर बायका बसतात, पाहिलंयस? माझ्या बायका. त्यातल्या एकीच्या बारशाला मी गेले होते. आता माझ्याकडे बघून हात हलवतात, पाहुण्याकडे बघून हलवावा तसा. हसतात काय, ही त्यांना भाजलेली केळी काय मागवते! मी कधी मागवली का केळी?

अबोसेदे : कधीच नाही.

आंटी इदोवू : बघवत नाही मला. खोटं कशाला बोलू? दिवसभर मी इथं सुई धरून बसते आणि डोळे तिकडे. एखादी तिच्या पायरीवर चढली की माझा टाका चुकतो. हं. इथं दोरा सैल आहे.

अबोसेदे : वाईट आहे का ते?

आंटी इदोवू : वाईट नाही. डोकं ठणकत नाही त्यानं. आणि गाठ वेणीवर घेतलीय, मुळावर नाही. दोनदा फिरवून खालून काढलीय. ही माझी गाठ आहे. ही इबादानात कुणाला येत नाही, मी शिकवली.

अबोसेदे : मग काम चांगलं आहे म्हणायचं.

आंटी इदोवू : थांब. मागे सगळ्याच जपून काम करतात. कपाळाशी पितळ उघडं पडतं. जरा उजेडाकडे तोंड कर.

अबोसेदे : ...आंटी? काय दिसलं? गेले का केस?

आंटी इदोवू : इथं केस आहेत.

अबोसेदे : असायचेच की.

आंटी इदोवू : नव्हते. माझ्याकडे यायचीस तेव्हा इथं दोन बोटं नुसती कातडी होती.

अबोसेदे : तुम्ही म्हणायचात, तुझ्या घराण्याचं कपाळच मोठं. मी आईला तसं सांगितलं तर ती केवढी चिडली. म्हणाली, आमच्यात कुणाचं आहे मोठं कपाळ, नाव सांग.

आंटी इदोवू : तेलबिल लावलं असेल त्या पोरीनं काहीतरी.

अबोसेदे : काही नाही. पुढच्या केसांना हातच लावत नाही ती. वेण्या कपाळापासून मागे सरकून सुरू करते. वर जाळी पसरते आणि गंगावनाची पट्टी जाळीला शिवते.

आंटी इदोवू : ही जाळी त्यासाठी होय? वेणीला नाही शिवत?

अबोसेदे : वेणीला अधूनमधून, जाळी सरकू नये म्हणून. ओझं सगळं जाळीवर.

आंटी इदोवू : हे मी शिकवलेलं नाही.

अबोसेदे : नाही.

आंटी इदोवू : मग कुठं शिकली?

अबोसेदे : सांगितलं तर रागवाल.

आंटी इदोवू : रागावलेलीच आहे मी. बोल.

अबोसेदे : तुमच्याकडे नव्या मुली यायच्या, त्या हात बसवायला शेरिफातचंच डोकं घ्यायच्या. तुम्ही मागं उभ्या राहून म्हणायचात, ओढ, अजून ओढ, सैल वेणी आळशी बाईची. तिच्या कानशिलांवर अजून केस भरले नाहीत, आंटी. म्हणून ती सदा रुमाल बांधते. स्वतःच्याच डोक्यावर करून करून तिनं हे जाळीचं शोधून काढलं.

आंटी इदोवू : हे सगळं सांगत बसते होय गिऱ्हाइकांना?

अबोसेदे : मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. वर म्हणाली, आंटींचा हात जड आहे, पण त्यांच्यासारखी गाठ कुणाची नाही.

आंटी इदोवू : असं म्हणाली?

अबोसेदे : अगदी असंच.

आंटी इदोवू : हे बघ. मी तुझ्या कपाळावरून घट्ट कापड बांधलं, आणि बैठकीत तू तोंड मिटून बसलीस, तर कोण सोडून बघणार आहे? बोलायचं काम मी करेन.

अबोसेदे : मी सोडेन, आंटी. तिथंच, सगळ्यांसमोर.

आंटी इदोवू : सोडशील?

अबोसेदे : सोडेन. मला माझे केस दिसले परत. किती वर्षांनी दिसले ते तुम्हाला नाही कळायचं.

आंटी इदोवू : ...कळतंय. हातात आहेत माझ्या.

अबोसेदे : मग काय सांगाल तिथं?

आंटी इदोवू : सांगेन, तक्रार मागे घेते. रविवारी चार माणसं बोलवा, मोकळीक देते. आणि तिच्या बाकावर माझ्या बायका बसलेल्या मला बघवत नाहीत, तेही सांगेन.

अबोसेदे : ते कशाला सांगायचं?

आंटी इदोवू : पोटात ते ठेवून तिच्या डोक्यावर हात कसा ठेवू? लागेल का असली प्रार्थना? ...नवी जाळी आहे का तुझ्याकडे?

अबोसेदे : आहे, पिशवीत.

आंटी इदोवू : आण इकडे. तिनं वेण्या कुठून सुरू केल्या होत्या? कपाळाला लागून की मागे सरकून?

अबोसेदे : मागे सरकून.

आंटी इदोवू : मागे सरकून. बरं. मान खाली कर. आणि दुखलं तर सांग.